माहेरची बाजू

१

दर मंगळवारी न्याहारी उरकली, की म्युरिअल मऊ फडकं घेऊन वरच्या मजल्यावरच्या बोळात जायची. आस्कवेल हॉलमध्ये एके काळी या कामाला दोन मोलकरणी होत्या म्हणे. आता अख्ख्या घराला मिळून एक मिसेस टपहोम उरली होती, आणि जिना दिसला की तिचे गुडघे कुरकुरायचे. म्हणून भिंतीवरची चित्रं पुसायचं काम म्युरिअलनं आपणहून मागून घेतलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि हाताला काहीतरी हवं होतं. लग्नाआधी ती ग्रिम्सबीत एका वकिलाकडे टाइपिस्ट होती. दिवसभर बोटं चालवायची सवय, ती एकाएकी थोडीच सुटते.

बोळ लांब आणि अरुंद होता. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीतून थेट फाटकापर्यंतचा रस्ता दिसायचा. भिंतीवर ओळीनं जुनी चित्रं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दीडदोनशे वर्षांपूर्वीची. उंचावरून दिसणारं घर, शिकारी कुत्रे, चर्चमधल्या पूर्वजांच्या समाध्या. प्रत्येक चित्राच्या पायाशी पेल्हर्स्ट घराण्याच्या कुलचिन्हाची ढाल आणि ढालीवर तीन बगळे.

मधोमध सगळ्यांत मोठी चौकट होती. तिच्यात नुसत्या ढालीच होत्या, चारचारच्या तीन ओळींत बारा. पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी, अँब्रोज पेल्हर्स्टनी, तिला त्या वाचायला शिकवल्या होत्या. म्हाताऱ्याला दुसरा कसला नादच नव्हता. शाईला रंग एकच, काळा. मग ढालीचे रंग दाखवायचे कसे? तर रेघांनी. आडव्या रेघा म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, काहीच नसलं तर रुपेरी, आणि उभ्या रेघा म्हणजे तांबडा. प्रत्येक ढाल मधोमध चिरलेली होती. डावीकडे नवऱ्याचं घराणं, म्हणजे तेच ते बगळे. उजवीकडे बायकोचं.

"ही माहेरची बाजू," अँब्रोज म्हणाले होते. अकराव्या ढालीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि ही आमच्या सिबिलची."

चित्र दोनशे वर्षांचं आणि सासूबाई तर खाली बसून विणतायत, मग त्यांची ढाल यात कशी, असं म्युरिअलनं विचारलं. अँब्रोज हसले. म्हणाले, मूळ कारागिरानं पुढच्यांसाठी जागा सोडून ठेवल्या होत्या, मग जिची तिची भरत जाते. म्युरिअलला वाटलं, घरातलंच कुणीतरी बारीक लेखणीनं भरत असेल.

बाराव्या ढालीत डावीकडे बगळे होते. उजवी बाजू कोरी.

"आमच्याकडे असलं काही नाही," ती म्हणाली होती. लायनेलनं, तिच्या नवऱ्यानं, घरात तिच्या वडिलांची ओळख 'व्यापारी' एवढीच करून दिली होती.

"नसतं असं नाही, पोरी," अँब्रोज मायेनं म्हणाले. "कुणी काढलेलं नसतं, एवढंच."

२

जुना राजा वारला तो हिवाळा. एका संध्याकाळी ग्रिम्सबीहून आयव्हीचा, तिच्या थोरल्या बहिणीचा, टेलिफोन आला. बाबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. शुद्धीवर होते, पण एकसारखं तिचंच नाव घेत होते.

म्युरिअलनं आत येऊन सांगितलं. लायनेल लगेच उठला, तिचे हात हातात घेतले, शेकोटीजवळची खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता तो. कधी आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. जायलाच हवं, तो म्हणाला, फक्त मोटारीचं चाक दुरुस्तीला गेलंय आणि रस्त्यावर बर्फ गोठलंय. चारदोन दिवसांत ऊन पडलं की मी स्वतः पोचवतो. अशा हवेत स्टेशनापर्यंत चालत जाऊन तूही आजारी पडलीस, तर त्यात बाबांचं काय भलं?

बोलणं रास्त होतं.

"बरं," म्युरिअल म्हणाली.

मंगळवारी तिनं चौकट पुसायला घेतली. बाराव्या ढालीच्या कोऱ्या बाजूला, अगदी कडेला, एक बारीक उभी रेघ होती. काचेच्या आत केस अडकला असेल म्हणून तिनं काचेवर टिचकी मारली. केस असता तर हलला असता. ती रेघ सरळ होती, वरपासून खालपर्यंत, आणि बाकीच्या रेघांच्याच शाईची होती.

३

ऊन पडलं, पण तोवर लायनेलला सर्दी झाली. सर्दी उतरली, तर रविवारी पाद्रीबुवा जेवायला यायचे होते. दर वेळी कारण खरं असायचं, दर वेळी ते प्रेमानं सांगितलं जायचं, आणि दर वेळी म्युरिअलच्या तोंडून तोच शब्द निघायचा. टाइपरायटरचा खडखडाट सासूबाईंच्या कानाला लागतो, तर तो माळ्यावर ठेवू या का? बरं. टेलिफोन उगाच रोज नको, आयव्हीलाही कामं असतील. बरं. केस पूर्वीसारखे वाढवलेस तर छान दिसतील. बरं.

बोळातल्या रेघा वाढत होत्या.

तिनं आधी स्वतःलाच समजावलं. म्हाताऱ्याची गंमत असणार. सुनेला आश्चर्यचकित करायचं म्हणून हळूच एकेक रेघ भरत असतील, आणि पूर्ण झाली की सगळ्यांना बोलावून दाखवतील. या विचारानं तिला दोन दिवस बरं वाटलं. मग वाटलं, खात्रीच करून घ्यावी. मिसेस टपहोमला हाताशी घेऊन तिनं चौकट भिंतीवरून उतरवली आणि पालथी केली.

पाठीमागचा खाकी कागद कडेकडेनं डकवलेला होता. वर्षानुवर्षांच्या धुळीनं तो चामड्यासारखा झाला होता, आणि कुठंही फाटला, उचकटला नव्हता. खिळे गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. ही चौकट तिच्या जन्माच्या आधीपासून कुणी उघडलेली नव्हती.

मिसेस टपहोम दुसरीकडे, खिडकीकडे बघत उभी होती. चौकट उतरवताना आणि धरतानाही तिनं चित्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"लावून टाका परत, धाकट्या बाईसाहेब," ती म्हणाली. "माझे हात भरून आलेत."

त्या रात्री जेवताना म्युरिअलनं विषय काढला. लायनेल मेणबत्ती घेऊन तिच्याबरोबर वर आला, चौकटीशी वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग काही न समजून तिच्याकडे वळला.

"यात नवीन काय आहे?"

"या रेघा. ही बाजू कोरी होती."

"कोरी कधी नव्हती, म्युरिअल. मी लहानपणी ताप आला की इथं येऊन हे बघत बसायचो. ती बाजू अशीच आहे."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस तिला ओळखता यायचा, वकिलाकडे तिनं तेवढी माणसं पाहिली होती. लायनेलला ते खरोखरच तसं आठवत होतं.

४

मार्चच्या सुरुवातीला रेघांच्या मधोमध आकार दिसायला लागले. आधी नुसते डाग, मग लांबट पानांसारखे तीन आकार, दोन वर आणि एक खाली. एका सकाळी उन्हाची तिरीप बरोबर चौकटीवर आली आणि म्युरिअलला ते ओळखू आले.

तिन्ही आकार जाळी विणायच्या सुईचे होते. चपटी, लाकडी, एका टोकाला निमुळती आणि पोटात जिभेसारखी दांडी असलेली. त्या दांडीभोवती सूत गुंडाळतात. तिचे बाबा कोळ्यांची जाळी विणायचे. त्यांच्या शेडमध्ये खिळ्याला अशा सुया टांगलेल्या असायच्या, आणि लहानपणी ती आणि आयव्ही त्यांत सूत भरून द्यायच्या. या घरात त्या शेडबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. लायनेल तिथं कधी गेला नव्हता. 'व्यापारी' हा शब्द त्यानं काढला तेव्हा तिनं, थोडं लाजून का होईना, तो चालवून घेतला होता.

अँब्रोज दुपारी डुलकी काढत असताना तिनं त्यांच्या टेबलावरचं भिंग उचललं.

भिंगाखाली तिची बाजू नीट दिसली. रेघा कुणी लेखणीनं काढलेल्या नव्हत्या. धातूत कोरून छापलेली शाई कागदावर किंचित उठलेली असते, तशी उठलेली होती. तिनं भिंग मागं, बाकीच्या ढालींवरून फिरवलं. आजवर तिचं लक्ष चिन्हांकडेच गेलं होतं, कुठं सिंह, कुठं गुलाब, कुठं किल्ली. आता तिनं चिन्हांच्या मागं पाहिलं. अकराही माहेरच्या बाजूंना उभ्याच रेघा होत्या. अकरा वेगवेगळी घराणी, आणि सगळ्यांचा रंग तांबडाच कसा?

आणि ते आता रंगासारखं दिसतही नव्हतं. उभ्या, काळ्या, सारख्या अंतराच्या रेघा. गजांसारख्या.

तिनं भिंग सिबिलच्या ढालीवर स्थिर धरलं. तिथं दोन रेघा मध्यावर जरा वाकल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर, मागच्या बाजूनं पुढं आलेले, चार अगदी बारीक आडवे फटकारे होते. शेजारी शेजारी, पहिला आखूड, मधले दोन लांब. तिनं आपल्याच हाताकडे पाहिलं. भिंगाच्या दांड्याभोवती तिची चार बोटं अगदी तशीच दिसत होती.

तिनं पुन्हा भिंगातून बघितलं तेव्हा तिथं नुसत्या रेघा होत्या.

खाली रेडिओवर कुणीतरी विनोद केला आणि सासूबाई छान, मोकळ्या हसल्या.

५

दुसऱ्या दिवशी ती सिबिलजवळ जाऊन बसली. सिबिल पेल्हर्स्ट म्हणजे गोड बाई. सुनेला कधी टोचून बोलल्या नाहीत, नोकरांवर डाफरल्या नाहीत. गावात सगळे त्यांचं कौतुक करायचे. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन त्या खिडकीशी विणत होत्या.

म्युरिअलनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, माहेरी शेवटचं कधी गेला होतात?

"इथं सगळं आहे की," सिबिल म्हणाल्या.

"पण तुमचं माहेर होतं कुठं?"

"छान होतं."

"आई कशी होती तुमची? नाव काय त्यांचं?"

सिबिलनी मान वर केली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. डोळ्यांत मात्र प्रश्न कुठंही पोचल्याचं दिसत नव्हतं.

"छान होती," त्या म्हणाल्या, आणि सुयांची टकटक पुन्हा सुरू झाली.

म्युरिअल तिथून उठली ती थेट टेलिफोनपाशी गेली. मला न्यायला ये, तिनं आयव्हीला सांगितलं. मोटार, बर्फ, चाक, काही ऐकू नकोस, सरळ दारात ये. आयव्ही मासळीच्या एका अडत्याची गाडी चालवायची. गुरुवारी या बाजूला फेरी आहे, ती म्हणाली, मासळीच्या वासात बसायची तयारी असेल तर येते. म्युरिअलला रडू आणि हसू एकदमच आलं.

गुरुवारपर्यंत ती सगळ्याला नाही म्हणाली. जेवताना आणखी एक काप घेतेस का? नाही. खिडकी लावू का? नाही. लायनेलचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं, आणि त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणणं फार जड जात होतं. पण रेघा थांबल्या. रोज सकाळी ती जाऊन बघायची. ढालीच्या मधल्या चिरेलगत एक पट्टी अजून कोरी होती. फार तर एक रेघ मावेल एवढी.

६

गुरुवारी सकाळी आयव्हीची गाडी फाटकातून आत आली तेव्हा म्युरिअल पायऱ्यांवरच उभी होती. आयव्ही उतरली, पुरुषी कोट, तोंडात सिगारेट, आणि तिनं बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काय गं मुरे, केस कुणासाठी वाढवतेयस? जहाज बांधायला दोर कमी पडलाय का?"

म्युरिअल तिच्या गळ्यात पडली. बाबा बरे आहेत, आयव्हीनं सांगितलं. म्हणजे आहेत तसे आहेत. डाव्या हातानं सूत ओढायला बघतात आणि जमलं नाही की शिव्या देतात, म्हणजे जीभ सुधारतेय.

दिवाणखान्यात सगळे जमले. लायनेलनं आयव्हीला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली, बाबांची आस्थेनं चौकशी केली. अँब्रोज उठून उभे राहिले. कुणीही अडवलं नाही. म्युरिअलला वाटलं होतं, वादावादी होईल, दारं आपटतील. तसं काहीच झालं नाही. आपण महिनाभर कसली भुतं उभी केली, असं तिच्या मनात आलं. ही साधी, सभ्य माणसं आहेत. आपण एका आजारी माणसाला भेटायला चाललोय, आणि ती निरोप देतायत.

"माझी बॅग वर आहे, आलेच," ती म्हणाली.

"किटली ठेवलीच आहे," सिबिल विणता विणता म्हणाल्या. "घोटभर चहा घेऊन निघा. थंडीत इतक्या लांब जायचंय."

आयव्हीनं खांदे उडवले. तिची सिगारेट संपायची होती.

"बरं," म्युरिअल म्हणाली.

जिना चढून ती आपल्या खोलीत गेली, पलंगावरची बॅग उचलली आणि बोळातून परत निघाली. चौकटीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती बघणारही नव्हती. पण चौकटीपाशी येता येता तिच्या लक्षात आलं, की आपण आत्ता खाली काय म्हणालो. पाय थबकले. बॅग खाली ठेवल्याचं तिला आठवत होतं. जुन्या कागदाचा, ओल धरलेला वास आल्याचंही आठवत होतं. त्यानंतर उजेडाच्या उभ्या चिरफळ्या झाल्या होत्या.

खालून आवाज आले, लांबून, पण स्वच्छ.

"आलीस? आणि बॅग कुठंय?" हा आयव्हीचा.

"मी नाही येत गं, आयव्ही. इथं बरं आहे."

तो आवाज म्युरिअलचा होता.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. हाक कुठंच गेली नाही, दातांपाशीच राहिली. खाली आयव्ही बोलत होती, मग ओरडत होती. अगं परवा टेलिफोनवर रडलीस आणि आज हे काय? बाबा तुझं नाव घेतायत. ऐकतेयस ना? बाबा.

"छान आहेत ना ते?" खालचा आवाज म्हणाला.

मग जिन्यावर धाडधाड बूट वाजले. बॅग मीच आणते, मग बघू कशी येत नाहीस ते, असं काहीसं बडबडत आयव्ही बोळात आली, आणि बॅग बोळाच्या मधोमध एकटी उभी दिसताच जागच्या जागी थांबली. तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग तिची नजर भिंतीवर गेली.

तिचा चेहरा जवळ आला. एवढा मोठा, की तो पूर्ण दिसेना. एक डोळा, नाकाची बाजू, ओठावरचा सिगारेटचा कण. श्वासानं समोर सगळं धुरकट झालं. आयव्हीनं बाहीनं पुसलं आणि डोळा बारीक केला.

"ही तर बाबांची सुई," ती हळूच म्हणाली.

तिनं बोट टेकवलं. म्युरिअलनं गजाबाहेर हात काढला आणि ते बोट पकडायला गेली. मध्ये थंड, गुळगुळीत काहीतरी होतं. आयव्हीचं बोट तिथंच राहिलं. तिचे ओठ हलले. आपण काय बघतोय ते अजून तिला कळलेलं नव्हतं, पण कळायच्या अगदी काठावर होतं. म्युरिअलला ते दिसत होतं. लहानपणी अंधाऱ्या शेडमध्ये लपलं की आयव्ही तिला अशीच शोधायची, न बोलता, श्वास रोखून.

"ते होय?" मागून गोड आवाज आला. जिन्याच्या तोंडाशी, बगळ्यांचं भरतकाम असलेली शाल अंगावर घेऊन, म्युरिअल उभी होती. "ते पहिल्यापासून तसंच आहे. चल ना, चहा गार होतोय."

आयव्ही मागं वळली. तिनं त्या चेहऱ्याकडे एकटक पाहिलं. मग बॅग उचलली, छातीशी धरली, आणि त्या बाईला अंगाचा स्पर्शही होऊ न देता भिंतीला घासून खाली गेली. चहा तिनं घेतला नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकी त्या बाजूला होती, पण इथून ती दिसत नव्हती. गाडी फाटकापाशी थांबली, इंजिन बराच वेळ तसंच धडधडत राहिलं, आणि मग आवाज कमी होत गेला.

शाल घेतलेली बाई अजून बोळात होती. तिनं चौकट जराशी सरळ केली, काचेवरचा बोटाचा ठसा पुसला, आणि आत न बघता निघून गेली.

मग सगळं शांत झालं. त्या शांततेत, अगदी शेजारून, अकराव्या ढालीतून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. फार दिवसांत न वापरल्यानं तो खरखरीत झाला होता.

"पोरी," तिनं विचारलं, "बाहेर महिना कोणता आहे?"